मार्चमध्ये बाससाठी पहाटे उठू नका

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: तुम्ही रत्नागिरीकडचे, लहानपणापासून खाडीवर गरवायची सवय, गेल्या ऑक्टोबरात मध्य न्यू जर्सीत राहायला आलात. इथल्या तळ्यांत लार्जमाउथ बास (मोठ्या तोंडाचा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा) आहे हे कळल्यापासून दर शनिवारी पहाटे पाचला उठून काठावर जाता आणि हात गारठवून रिकामे परत येता. रॉड कोणता घ्यावा, आमिष कोणतं लावावं, कायाक (वल्ह्याची अरुंद होडी) घ्यावी का आणि खरा हंगाम येईपर्यंत अंगणातली कोणती कामं उरकून ठेवावीत, हे तुम्हाला हवंय. रॉडचं आणि आमिषाचं पुढे सांगतो. आधी ती पहाट सोडा.

खाडीवर आपण तिथी बघून भरतीचा हिशेब करतो. पाणी चढायला लागलं की जिताडा, तांबोशी आत येणार, मग ते पहाटे असो की भर दुपारी. इथल्या तळ्याला भरती नाही. मार्चमध्ये ते काम ऊन करतं. दिवसभरात उथळ पाण्याने जी काही ऊब धरलेली असते ती रात्रीच्या गारठ्यात निघून जाते. म्हणजे तुम्ही पहाटे पोचता तेव्हा काठचं पाणी चोवीस तासांतलं सर्वांत थंड असतं. बासच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर खाली-वर होतं. पाणी ४० अंश फॅरनहाइटला (साधारण साडेचार सेल्सिअस) असताना त्याचं पचन इतकं मंदावलेलं असतं की एकदा खाल्लेलं त्याला बरेच दिवस पुरतं. अशा माशाला सूर्योदयाचं काही अप्रूप नाही. उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, पहाटेचा नियम इथेही खरा आहे. मार्चमध्ये मात्र दुपारी एक ते चार ही वेळ धरा. शनिवारी सकाळी मुलांना मराठी शाळेत सोडा, भाजी आणा, जेवा, मग निघा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. त्यानंतर ऑफिस सुटल्यावरही तासभर उजेड मिळतो, आणि महिन्याच्या शेवटी हाच वेळ सर्वांत फळतो, कारण दिवसभराचं ऊन तोवर पाण्यात मुरलेलं असतं.

पहिली खरेदी थर्मामीटरची करा. माशांच्या टाकीसाठी मिळणारा साधा तरंगता थर्मामीटरही चालेल. त्याला शिसं बांधा, लाइनला लावा आणि काठापासून थोडं आत, दोन-तीन फूट खोलीवर दोनेक मिनिटं ठेवा. पायाजवळचं वीतभर पाणी मोजू नका, ते उन्हात फसवं तापतं. मग तळ्याच्या दोन बाजूंना मोजून बघा. एका बाजूला ४२ आणि दुसरीकडे ४६ असेल तर बाकी सगळे हिशेब बाजूला ठेवून ४६ च्या बाजूला उभे राहा. चार अंशांचा फरक आपल्या हाताला कळतही नाही, पण या दिवसांत सगळे मासे त्याच्यावर ठरतात.

ही ऊबदार बाजू बहुतेक वेळा उत्तरेची असते. सूर्य अजून दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तर काठावर ऊन सरळ आणि जास्त वेळ पडतं. शिवाय उत्तरेकडून येणारा बोचरा वारा मागच्या झाडीत अडतो. त्यातही काळ्या चिखलाचा तळ असेल, धरणाच्या भिंतीचे दगड असतील किंवा गेल्या वर्षीच्या कमळवेलींचे वाळके देठ उरले असतील तर ती जागा आधी तापते. पण लागोपाठ दोन दिवस दक्षिणेचा उबदार वारा असला तर वरचं कोमट पाणी तो ढकलत नेतो, तेव्हा वारा तोंडावर घेऊन मासे धरायचे. फेकायला त्रास होतो, पण मासे तिथेच असतात. ओढ्याच्या मुखाचं मात्र दोन तऱ्हांनी बघावं लागतं. उबदार पाऊस पडून गेल्यावर तिथे जरूर जा. बर्फ वितळून पाणी येत असेल तर त्या कोपऱ्याकडे फिरकू नका.

तळं निवडतानाही हेच. तुमच्यापासून जवळ असलेलं फॅरिंग्टन लेक, मर्सर काउंटी पार्कमधलं मर्सर लेक किंवा असनपिंकची तळी, ही उथळ आहेत, लवकर तापतात. राउंड व्हॅलीचं नाव तुम्ही ऐकलं असेल; सुमारे १८० फूट खोल जलाशय आहे तो. देखणा आहे, पण एवढं पाणी तापायला वसंत संपत येतो. मार्चमध्ये काठावरून बास धरायला तिथे जाणं म्हणजे पेट्रोल जाळणं. एखाद्या वसाहतीमागचं दोन-तीन एकरांचं डबकं, परवानगी असेल तर, मोठ्या तलावाच्या आठ-दहा दिवस आधी जागं होतं.

आता रॉड. फार खर्च करू नका. काठावरून सुरुवात करायला सात फुटांचा मीडियम पॉवरचा, फास्ट ॲक्शनचा (मधल्या ताकदीचा, टोकाशी वाकणारा) स्पिनिंग रॉड आणि २५०० साइजचं रील पुरे. रीलवर १० पौंडांची ब्रेड (धाग्यांची विणलेली लाइन), पुढे सात-आठ फूट ८ पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर (पाण्यात सहज न दिसणारी टोकाची लाइन). आमिष बांधायला पालोमार गाठ, दोन लाइनी जोडायला डबल युनी, या दोन गाठी डोळे मिटून बांधता येईपर्यंत घरी सोफ्यावर बसून घोटा. गारठलेल्या बोटांना काठावर नवीन काही शिकता येत नाही. ब्रेड पाणी धरते, त्यामुळे हवा गोठणबिंदूच्या खाली असली की रॉडच्या टोकाच्या कडीत बर्फ साचतो आणि लाइन अडकते. तो बर्फ नखाने फोडू नका किंवा रॉड झाडू नका, आतली सिरॅमिकची चकती निखळते. टोक पाण्यात बुडवून थोडं थांबा. तळ्याचं पाणी बर्फापेक्षा गरमच असतं. दुपारी गेलात तर ही भानगड सहसा येत नाही, हा आणखी एक फायदा.

आमिषं दुकानात भिंतभर टांगलेली असतात आणि त्यातली निम्मी माणसाला गळाला लावण्यासाठी असतात. तुम्हाला तीन पुरतील. ४५ अंशांच्या खाली नेड रिग: मशरूमच्या आकाराचं, औंसाच्या दहाव्या भागाचं जिगहेड (वजनदार डोक्याचा गळ) आणि त्यावर पावणेतीन इंची मऊ प्लॅस्टिकची काडी. बघून वाटेल, याला कोण खाणार. फेका, तळाला जाऊ द्या, आणि मग काहीही करू नका. मनात दहा आकडे मोजा, रॉड वीतभर हलवा, पुन्हा दहा. ४५ च्या वर सस्पेंडिंग जर्कबेट (लांबट माशाच्या आकाराचं कडक आमिष), म्हणजे ओढायचं थांबलं की बुडतही नाही आणि तरंगतही नाही असं. दोन झटके द्या, लाइन ढिली सोडा आणि थांबा. मासा त्या थांबण्यात येतो. थंडी जितकी जास्त तितकं थांबणं लांब. पंधरा-वीस सेकंदही फार नाहीत, फक्त ते आपल्याला फार वाटतात. आणि पाणी ५० च्या आसपास आलं, पाणवेलींचे नवे कोंब तळातून वर यायला लागले की अर्ध्या औंसाचा लिपलेस क्रँकबेट (चपट्या माशाच्या आकाराचं, ओढताना थरथरणारं आमिष). तो कोंबांना अडकू द्यायचा आणि झटक्याने सोडवायचा. सुटताना जी थरथर होते त्यालाच बास तोंड घालतो. लाल रंगाचा घ्या. वसंतात तो का चालतो यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी भांडत नाही, लावतो.

खाडीवरच्या माणसाला इथे सर्वांत जड जातं ते चावा ओळखणं. जिताडा दणका देतो, रॉड वाकवतो. मार्चमधला बास फक्त तोंड उघडतो आणि आमिष पाण्याबरोबर आत घेतो. हाताला कळतं ते नुसतं जडपण. तळाचं कुजकं पान अडकलं असंच वाटतं. कधी तेवढंही नाही, पाण्यावर पडलेली लाइन दोन बोटं बाजूला सरकते, एवढंच. म्हणून आमिष थांबलेलं असताना नजर रॉडच्या टोकावर नको, लाइन पाण्यात शिरते त्या जागेवर ठेवा. शंका आली की रील फिरवून ढील घ्या आणि रॉड बाजूला खेचा. दहापैकी सात वेळा पानच असेल. पान फुकट आहे.

मध्येच लांबुळका, हिरवट, अंगावर साखळीसारखी नक्षी असलेला मासा लागेल. तो पिकरेल. थंडीत बासपेक्षा तो जास्त चपळ असतो आणि मार्चमधला कंटाळा तोच घालवतो. दात धारदार असतात, बासला धरतात तसा अंगठा त्याच्या तोंडात घालू नका; लांब चिमटा ठेवा. मांस चांगलं पण बारीक काटे फार, बोय खायची सवय असलेल्यांनाही वैताग येईल इतके.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर कायद्याचंही उरकतो. १६ ते ६९ वर्षांच्या रहिवाशांना गोड्या पाण्यात लायसन्स लागतं आणि ते कॅलेंडर वर्षाचं असतं. डिसेंबरात काढलंत तर ३१ तारखेला संपतं. बाससाठी किमान लांबी १२ इंच आणि दिवसाला पाच. पण १५ एप्रिल ते १५ जून या काळात लागलेला प्रत्येक बास लगेच पाण्यात परत सोडायचा. दर वर्षाचं नियमांचं पुस्तक राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाकडून फुकट मिळतं, ते बघत जा, कारण काही तळ्यांना वेगळे नियम असतात. मोठ्या बासमध्ये आणि पिकरेलमध्ये पारा साठतो म्हणून ते किती खावेत यावर राज्याचा सल्ला आहे. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी तो जास्त कडक आहे. मला विचाराल तर मासे खाण्यासाठी ब्लूगिल (तळ्यातला छोटा चपटा मासा) धरा, बास सोडून द्या.

त्या दोन महिन्यांच्या बंदीमागचं कारण तुम्हाला चटकन पटेल, कारण तुम्ही मरळ बघितली असेल. मरळ जशी लाल पिल्लांच्या पुंजक्याभोवती राखण करते, तसा बासचा नर तळ शेपटीने झाडून घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि तो एकटा पहारा देतो. पाणी ६० ते ६५ अंशांना आलं की हे सुरू होतं. त्या काळात तो भुकेने नाही, रागाने चावतो, म्हणून धरायला सोपा. पण त्याला पाच मिनिटं उचललं तरी तेवढ्यात ब्लूगिल येऊन अंडी फस्त करतात. स्पर्धांमध्ये मासा जिवंत परत सोडायची चळवळ बास-स्पर्धांचे आयोजक रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये उभी केली; त्याआधी बासच्या स्पर्धेत मेलेल्या माशांच्या माळा मिरवायची पद्धत होती. आज इथे बास मारून नेणाऱ्याकडे लोक जरा वाकड्या नजरेने बघतात, तेही जाणून असा.

मरळीची एक भाऊबंद, नॉर्दर्न स्नेकहेड, इथल्या काही पाण्यांत शिरली आहे. २००२ मध्ये मेरिलँडमधल्या क्रॉफ्टनच्या तळ्यात ती सापडली तेव्हा देशभर गाजावाजा झाला होता. न्यू जर्सीत ती लागली तर परत सोडायची नाही, जिवंत न्यायचीही नाही. तिथेच मारून विभागाला कळवायचं. गावाकडची आठवण येईल, पण या बाबतीत भावुक होऊ नका.

परत सोडायचा बास ओल्या हाताने धरा. खालच्या जबड्यात अंगठा आणि दुसरा हात पोटाखाली. मोठ्या माशाला जबड्याला टांगून फोटो काढू नका, सांधा निखळतो. हवा गोठणबिंदूच्या खाली असेल तर फोटोचा मोह टाळा, कल्ल्यांच्या नाजूक पात्या तेवढ्यात गोठू शकतात. आणि अपेक्षा माफक ठेवा: राज्याचा विक्रम १० पौंड १४ औंसांचा, तोही १९८० सालचा, मेनान्टिकोच्या एका जुन्या वाळूच्या खाणीतल्या तळ्यात धरलेला. दोन पौंडांचा बास म्हणजे छान दिवस. चार पौंडांचा लागला तर घरी फोन करून सांगा.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. हवा ६५ अंशांची असते, माणसं टी-शर्टवर येतात, आणि पाणी ४३ असतं. पोहता येणाऱ्यांनाच हा फरक घात करतो. थंड पाण्यात पडताच माणूस नकळत मोठा श्वास ओढतो, तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपतं. इथे १-१०-१ असं शिकवतात: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. पहिल्या मिनिटात आणि पुढच्या दहात तरंगत ठेवायला लाइफ जॅकेट लागतं, गुहागरला खाडी पोहून जायचात ते नाही. शेजारच्या पेनसिल्वेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल कायाक, कनू आणि १६ फुटांहून लहान बोटीत ते अंगात घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे. तुम्ही काठावरून धरता तरी दगडी भिंतीवर शेवाळ असतं. एकटे जात असाल तर घालाच. गाडीत एक पूर्ण कोरडा जोड आणि टॉवेल ठेवा.

दुपारपर्यंत मोकळी झालेली सकाळ अंगणासाठी. आधी रील: मागच्या वर्षीची मोनो (एकेरी नायलॉनची) लाइन असेल तर काढून टाका, लाइन रोलरवर तेलाचा एक थेंब, ड्रॅग (लाइन ओढली जाताना लागणारा ब्रेक) ढिला. रॉडच्या प्रत्येक कडीतून कानात घालायची कापसाची काडी फिरवा. कापसाचा धागा अडकला तर तिथे तडा आहे आणि तीच कडी तुमची लाइन कापते. गळ नखावर टेकवून ओढा, घसरला तर धार लावा किंवा बदला. बॅटरी लिथियमची असेल आणि गॅरेज शून्य सेल्सिअसच्या खाली जात असेल तर तिथे चार्ज करू नका, घरात आणा.

जमिनीची घाई नको. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोटाने ढोसूनही फुटला नाही तर अजून ओली आहे. तेव्हा खणलंत तर वर्षभर ढेकळं फोडत बसाल. भुसभुशीत पडायला लागली की मटार, मेथी, कोथिंबीर टाका, तिघांनाही गारवा आवडतो. टोमॅटो आणि मिरचीला मे अर्धा होईपर्यंत हात लावू नका. खांब रोवायचे असतील तर ८११ ला फोन करून किमान तीन कामाचे दिवस आधी कळवा. ते फुकट येऊन गॅसच्या आणि विजेच्या लाइनी रंगाने आखून देतात. न विचारता खणणं बेकायदा आहे. खांब तीन फूट खोल जाऊ द्या, नाहीतर गोठणारी जमीन दोन-तीन हिवाळ्यांत तो वर ढकलते.

पालापाचोळा उपसताना पायमोजे पँटवर ओढा. हवा गोठणबिंदूच्या वर गेली की गोचीड फिरायला लागते आणि तिच्या चाव्यातून लाइम रोग इथे खरोखर होतो. जुनी पँट आणि बूट परमेथ्रिन (कीटकनाशक) मारून वाळवून ठेवा (कपड्यांवर मारायचं, अंगावर नाही), संध्याकाळी गुडघ्यामागे आणि कमरेला बघा. पाचोळ्याखाली गांडुळं मिळतील, ब्लूगिलसाठी उत्तम. दुकानातून आणलेली उरलेली गांडुळं मात्र झाडीत सोडू नका; त्यांच्यातल्या परक्या जाती इथल्या जंगलाची जमीन पोखरून टाकतात. कचऱ्यात टाका.

अंगणातूनच तळ्याचाही अंदाज येतो. संध्याकाळी ओलसर जागेतून पीपर बेडकांचा कलकलाट सुरू झाला की उथळ तळ्यांवर जायला लागा. फोर्सिथियाची झुडपं पिवळी झाली की जर्कबेट. डॉगवुडचं झाड फुललं की मासे घरट्यांकडे वळलेले असतात. तेव्हा काठाजवळची गोल, पांढुरकी, झाडलेली वर्तुळं दिसली तर ती सोडून पुढे जा.

कायाकचं विचारलं होतंत. स्टँड आत्ता बनवून ठेवा, प्रेशर-ट्रीटेड टू-बाय-फोर आणि वर जुन्या गालिच्याची पट्टी पुरते. कायाक मात्र मेच्या मध्याआधी पाण्यात घालू नका, आणि विकत घ्यायचीच असेल तर सप्टेंबरात घ्या. तेव्हा दुकानदार भाव पाडतात.